डेक्काचा १९७९चा डिजिटल एलपी संच विकायचाय, धुवून विकू का?

विश्रामबागकर (सांगली)
डेक्का कंपनीचा संच, क्रमांक डी१४७डी२. व्हिएन्नाची १ जानेवारी १९७९ची नववर्ष मैफल, संचालक विली बोस्कोव्स्की, दोन एलपी. कव्हरवर ठळक ‘डिजिटल’ छापलंय, लेबलवर मेड इन इंग्लंड. कव्हरच्या खालच्या कडेला बोटभर उंचीची ओलीची तांबूस रेघ आहे. पहिल्या एलपीवर पांढुरके डाग, दुसरी स्वच्छ. तिरप्या उजेडात दोन्हींवर बारीक रेघोट्या दिसतात. वाजवायला फक्त जुना एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आहे. किंमत कशी लावायची? आणि धुवायची की आहे तशीच द्यायची? इथला रद्दीवाला वजनावर मागतोय.

सुईबदल
सगळ्यात आधी, फिएस्टावर लावू नका. त्यातलं सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजच्या दुप्पट-तिप्पट दाब देतं, आणि सुई किती वर्षांची आहे कुणास ठाऊक. शिवाय खाचेत बुरशी असताना वाजवलं तर ती सुईखाली दळली जाते. एकदा खाचेची भिंत खरवडली की कितीही धुवा, मोठ्या आवाजाच्या जागी कुरकुर येणारच.

डाग कसले आहेत ते ओळखा. ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असेल तर बुरशी, ती धुतल्यावर जाते. धुरकट साय असेल आणि तिचा आकार प्लास्टिक पिशवीच्या घडीसारखा असेल, तर पीव्हीसीच्या पिशवीतलं रसायन तबकडीवर उतरलंय. ते बहुधा जात नाही आणि वाजवताना सतत सुस्स ऐकू येतं. अशी तबकडी ‘उत्तम’ म्हणून विकू नका, परत येईल.

बुरशी असेल तर: डिस्टिल्ड वॉटर ८०० मि.ली., आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० मि.ली., बिनवासाच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब. दोनच थेंब कशाला, असं वाटत असेल तर उत्तर हेच की जास्त झालेला साबण खाचेतच वाळतो. लेबल झाकायला डब्याचं झाकण दाबून धरा. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवा कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळबळा. बोअरचं पाणी नको, क्षार राहतात. वाळवायला प्लास्टिकच्या ताटाळ्यात सावलीत उभी ठेवा. स्टीलचं ताटाळं नको, कडेला ओरखडा पडतो. हे मिश्रण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना लावायचं नाही, अल्कोहोलने लाख विरघळते. धुतल्यावर जुन्या कागदी पिशवीत परत घालू नका, बुरशी तिथेच बसलेली असते.

खाचेपलीकडे
प्रेसिंग, म्हणजे तुमची प्रत कुठल्या छपाईतली आहे, ते तपासा. लेबल आणि शेवटची खाच यांच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर झेड-ए-एलने सुरू होणारा क्रमांक असेल. तो खाली, सहाच्या काट्यावर धरा. डावीकडे नऊच्या काट्यावर एक आकडा, उजवीकडे तीनच्या काट्यावर एक-दोन अक्षरं. ती अक्षरं म्हणजे स्टँपरचा (तबकडी छापायच्या साच्याचा) क्रमांक: बकिंगहॅम या इंग्रजी शब्दातली दहा अक्षरं ओळीने १ ते ९ आणि शेवटचं ० धरायचं. ‘बीके’ म्हणजे १४. चारही बाजूंचे फोटो काढा. विचारणारा गिऱ्हाईक बहुतेक हेच विचारतो.

आता ‘डिजिटल’बद्दल. डेक्काने स्वतःच बनवलेल्या यंत्रावर ४८ किलोहर्ट्झने (सेकंदाला ४८ हजार नमुने घेत) डिजिटल ध्वनिमुद्रण केलं, हे खरं. पण एलपीची खाच ॲनालॉगच असते, तेव्हा जाहिरातीत ‘सीडीसारखा आवाज’ असलं काही लिहू नका. सीडी बाजारात आली १९८२च्या ऑक्टोबरमध्ये. नंतर हीच ध्वनिमुद्रणं तिच्यावरही निघाली. म्हणून या काळातल्या पाश्चात्य शास्त्रीय एलपींना साठच्या दशकातल्या डेक्कांसारखा भाव नसतो. टेलार्क कंपनीच्या, खऱ्या तोफांचे आवाज असलेल्या चायकोव्स्कीच्या ‘१८१२’सारखे काही अपवाद आहेत, आणि तिथे पहिला प्रश्न असतो, तोफांच्या जागी सुई खाचेतून उडते का.

किंमतीसाठी डिस्कॉग्ज या रेकॉर्ड खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर नेमकं इंग्लंडचं प्रेसिंग उघडा आणि विकल्या गेलेल्या प्रतींचा इतिहास बघा. मांडून ठेवलेल्या किमती बघू नका, त्या वर्षानुवर्षं तशाच पडून असतात. मधला आकडा घेतलात तरी त्यात चांगल्या-वाईट सगळ्या प्रती मिसळलेल्या असतात. तुमच्या कव्हरवर ओल आहे, त्यामुळे त्याच्या खालीच राहा. मला विचाराल तर दर्जा असा लिहा: कव्हर व्हीजी (व्हेरी गुड), दुसरी एलपी त्याहून वरची व्हीजी प्लस, पहिली धुतल्यावर ठरेल. वाजवून न बघता एनएम (निअर मिंट, जवळजवळ नवी) लिहू नका.

सुईबदल
वाजवून बघायला चांगला टर्नटेबल असलेला कुणी शोधा आणि प्रत्येक बाजूचा शेवटचा तुकडा ऐका. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सें.मी. खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला जागा अर्ध्याहून कमी मिळते, म्हणून झिजलेल्या रेकॉर्डचा आवाज आधी तिथे फाटतो.

पुठ्ठा_आणि_दोरी
पॅकिंगमध्ये सगळे फसतात. तबकड्या कव्हरच्या बाहेर काढून, नव्या आतल्या पिशव्यांत घालून, कव्हरच्या मागे ठेवायच्या. आतच ठेवल्या तर वाटेत पार्सल कडेवर आपटतं आणि तबकडी कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. दोन्ही बाजूंना ३३ सें.मी.चे दोन-दोन पुठ्ठे, एकाच्या नळ्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे वाकत नाही. फ्रिज-वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो. बाहेरच्या खोक्यात चारही कडांना दोन सें.मी. मोकळं ठेवून कागद कोंबा. पावसाळ्यात सगळं आधी प्लास्टिकमध्ये. एप्रिल-मेमध्ये शक्यतो पाठवूच नका. उन्हात बंद गाडीत पडलं तर तबकडी पापडासारखी वळते.

विश्रामबागकर
डाग ठिपक्यांचे आहेत, बुरशीच. परदेशातून मागणी आली तर पैसे कसे घ्यायचे?

पुठ्ठा_आणि_दोरी
परदेशातून पेपॅल, त्याला पॅन लागतो. देशातल्या गिऱ्हाइकाकडून यूपीआय घ्या, पेपॅलने भारतातली देवघेव १ एप्रिल २०२१पासून बंद केली आहे. कस्टम्सच्या फॉर्मवर ‘वापरलेली ग्रामोफोन रेकॉर्ड’ आणि खरी किंमत लिहा, कोड ८५२३. पण आधी पार्सल बांधून वजन करा आणि पोस्टात खर्च विचारून या, मगच किंमत सांगा. सगळं धरून किलोच्या आसपास जातं, आणि परदेशी टपाल बऱ्याचदा एलपीपेक्षा महाग पडतं. पुण्या-मुंबईचाच गिऱ्हाईक बघा.