माशाच्या तेलाच्या कॅप्सूल : कोणी, किती आणि कशासाठी घ्याव्यात?

पाऊलवाट :

माझे वय ५४ वर्षे आहे. तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला असून तेव्हापासून ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी नियमित चालू आहे. अलीकडच्या तपासणीत एलडीएल (अपायकारक कोलेस्टेरॉल) आटोक्यात असल्याचे दिसले, मात्र उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड (रक्तातील मेदाचा एक प्रकार) चढे, २६० निघाले. माझे मेहुणे कित्येक वर्षे रोज माशाच्या तेलाच्या दोन कॅप्सूल घेतात आणि 'हृदयासाठी याहून चांगले काही नाही' असे ठामपणे सांगतात. त्यांच्या आग्रहाखातर मी '१००० मिलिग्रॅम' असे छापलेली एक बाटली आणली आहे, पण अजून उघडलेली नाही. या तेलाने खरोखर हृदयविकार टळतो का, ॲस्पिरिनसोबत ते घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो का, आणि कॉड लिव्हर ऑइल म्हणजे हेच का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे. माशांत पारा असतो असेही वाचनात येते, तेव्हा तीही शंका आहेच.

खलबत्ता :

औषधशास्त्र हा माझ्या अध्यापनाचा विषय होता, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. सर्वप्रथम ती बाटली फिरवून मागचा मजकूर वाचा. पुढे छापलेले १००० मिलिग्रॅम हे एकूण तेलाचे वजन आहे. ज्यांच्यासाठी हे तेल घ्यायचे ती ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्ले सर्वसाधारण कॅप्सूलमध्ये अनुक्रमे १८० आणि १२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून ३००च असतात. आपले मेहुणे रोज दोन कॅप्सूल घेत असतील तर त्यांच्या पोटात ६०० मिलिग्रॅम जातात. ट्रायग्लिसराइड कमी करण्यासाठी डॉक्टर जी शुद्ध केलेली औषधी ओमेगा-३ लिहून देतात, तिची मात्रा दिवसाला सुमारे ४ ग्रॅम असते. त्या मात्रेत ट्रायग्लिसराइड साधारणपणे २० ते ३० टक्क्यांनी उतरते, कारण यकृताकडून रक्तात सोडल्या जाणाऱ्या मेदाचे उत्पादनच घटते. हाच परिणाम साध्या कॅप्सूलमधून मिळवायचा म्हटले तर रोज बारा-तेरा कॅप्सूल गिळाव्या लागतील. ते कोणी करू नये.

हृदयविकार टाळण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९९९ साली इटलीत, हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ११,३२४ रुग्णांवरील अभ्यासात रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि या तेलाची कीर्ती पसरली. पण तो काळ स्टॅटिन आजच्याइतक्या सर्रास दिल्या जाण्यापूर्वीचा होता. पुढे २०१८ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. एक १५,४८० मधुमेहींवरील 'ॲसेंड' आणि दुसरी २५,८७१ निरोगी प्रौढांवरील 'व्हायटल'. दोन्हींत रोजच्या एका ग्रॅमने हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही. तेव्हा मुळात निरोगी असलेल्या माणसाने 'हृदयासाठी' म्हणून लहान मात्रेची कॅप्सूल घेण्याला आज भक्कम आधार उरलेला नाही, असे माझे मत आहे.

आपली गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. त्याच वर्षीच्या 'रिड्यूस-इट' या चाचणीत स्टॅटिन घेत असूनही ट्रायग्लिसराइड चढे राहिलेल्या ८,१७९ व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी बहुतेकांना आधीपासून हृदयविकार होता. त्यांतील निम्म्यांना रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए दिले गेले. त्यांच्यात हृदयविकाराशी निगडित गंभीर घटना १७.२ टक्के घडल्या, तर दुसऱ्या गटात २२ टक्के. यावर आक्षेप असा, की दुसऱ्या गटाला तुलनेसाठी औषधाऐवजी दिलेल्या खनिज तेलाने त्यांचे एलडीएल वाढले आणि त्यामुळे औषधाचा लाभ फुगून दिसला असावा. २०२० साली 'स्ट्रेंग्थ' या चाचणीत मक्याच्या तेलाशी तुलना करून ईपीए आणि डीएचए यांचे मिश्रण त्याच मात्रेत दिले गेले, तेव्हा काहीच फायदा दिसला नाही. तज्ज्ञांतला हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून हा निर्णय बाटलीवर किंवा मेहुण्यांवर न सोपवता आपल्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा. २६० हा आकडा वाढण्यामागे अनियंत्रित साखर, मद्य, वजन किंवा थायरॉइडची मंदावलेली क्रिया तर नाही ना, हे त्याआधी पाहायला हवे. कारण सापडले तर बरेचदा कॅप्सूलची वेळच येत नाही.

ॲस्पिरिनबद्दल सांगायचे तर, नेहमीच्या लहान मात्रेत फारसा धोका दिसत नाही. ४ ग्रॅमच्या मात्रेत मात्र रक्तस्राव किंचित वाढलेला आढळला आहे. वॉरफरिन किंवा रक्त गोठू न देणारे त्या प्रकारचे अन्य औषध चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

सांजवारा :

वरील प्रतिसादात एक गोष्ट राहिली आहे आणि ती मी स्वतः अनुभवली असल्याने लिहिते. गुडघेदुखीसाठी म्हणून मी स्वतःच्या मनाने जास्त तीव्रतेच्या कॅप्सूल घेऊ लागले आणि हळूहळू दिवसाला तीन ग्रॅमच्या पुढे गेले. चार-पाच महिन्यांनी छातीत धडधड होऊ लागली आणि ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे निदान झाले. ते कॅप्सूलमुळेच झाले असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, वयही कारण असू शकते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तरी त्यांनी कॅप्सूल त्याच दिवशी बंद करायला लावल्या. मोठ्या मात्रेच्या चाचण्यांत हा धोका वारंवार दिसला आहे, ही माहिती मला नंतर मिळाली. सांध्यांबाबत जो थोडाफार लाभ नोंदला गेला आहे तो संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड प्रकाराच्या रुग्णांत. माझे दुखणे झिजेचे होते, हेही तेव्हा मी कोणाला विचारले नव्हते.

खलबत्ता :

सांजवारा, आभारी आहे, ही त्रुटी माझीच. 'रिड्यूस-इट'मध्ये एट्रियल फिब्रिलेशन किंवा फ्लटरसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३.१ टक्के, तर दुसऱ्या गटात २.१ टक्के होते. मात्रा वाढते तसा हा धोकाही वाढतो. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे त्यांनी तर विशेष जपावे.

तळघर :

तेलशुद्धीकरणाच्या क्षेत्रात काम केले असल्याने उरलेल्या शंकांबद्दल लिहितो. पारा माशाच्या मांसातील प्रथिनांना चिकटून राहतो, तेलात तो फारसा उतरत नाही. तेलात विरघळतात ती पीसीबी आणि डायऑक्सिनसारखी प्रदूषके, आणि ती निर्वात ऊर्ध्वपातनाने बऱ्याच प्रमाणात काढता येतात. माझ्या दृष्टीने खरी अडचण खवटपणाची आहे. डीएचएच्या एका रेणूत सहा आणि ईपीएच्या रेणूत पाच दुहेरी बंध असतात, त्यामुळे हवा, उजेड आणि उष्णता यांनी हे तेल लवकर बिघडते. म्हणूनच त्यात ई जीवनसत्त्व मिसळतात. शंका आल्यास एक कॅप्सूल कापून वास घ्यावा. माशाचा सौम्य वास ठीक, पण जुन्या रंगासारखा उग्र दर्प आला तर बाटली टाकून द्यावी. सुगंध घातलेल्या कॅप्सूलमध्ये मात्र ही परीक्षा फसते.

कॉड लिव्हर ऑइल हे वेगळे तेल आहे. ते माशाच्या यकृतातून काढतात आणि त्यात अ व ड जीवनसत्त्वे भरपूर असतात. एका चहाच्या चमच्यात अ जीवनसत्त्वाची सुमारे ४,५०० युनिटे असतात, तर प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा १०,००० आहे. ओमेगा-३ची मात्रा वाढवण्यासाठी कोणी चार चमचे घेऊ लागला तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. गरोदरपणात तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला घातक ठरू शकतो.

पाऊलवाट :

सर्वांचे मनापासून आभार. बाटली फिरवून पाहिली, अगदी १८० आणि १२० हेच आकडे आहेत. ती तशीच बंद ठेवली आहे आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे ट्रायग्लिसराइडच्या कारणांबद्दलच विचारणार आहे. एक शेवटची शंका : माझी पत्नी मासे खात नाही. तिला ओमेगा-३ हवेच असेल तर जवस पुरेसे आहे का?

तळघर :

जवसात असते ते एएलए नावाचे मेदाम्ल. शरीर त्याचा फार थोडा भाग ईपीएत बदलते आणि डीएचएत तर त्याहूनही कमी. जवस अन्न म्हणून उत्तमच आहे, पण थेट डीएचए हवे असेल तर सूक्ष्म शैवालापासून काढलेले तेल मिळते. मासेही हे मेद मुळात तिथूनच मिळवतात.