सोलापुरातल्या दुकानांना, कार्यालयांना, कारखान्यांना कचरा वेगळा करून पुनर्वापराला देण्याची सक्ती असावी का?

पूर्वभागकर (धागा सुरू करणारा)

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. सक्ती असावी, आणि ती घरांच्या आधी दुकानं, हॉटेलं, मंगल कार्यालयं, शाळा आणि कारखान्यांवर असावी.

यात नवीन काही नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा जागेवरच वेगळा करणं सगळ्यांना बंधनकारक केलं. हॉटेलं आणि 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांना वर्षभराची मुदत दिली होती. सुका माल अधिकृत कचरावेचकांना किंवा पुनर्वापर करणाऱ्यांना द्यायचा, ओला जमेल तितका आवारातच जिरवायचा. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम घ्यायचा असेल, तर निदान कामाचे तीन दिवस आधी कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, हीसुद्धा त्या नियमांत आयोजकाचीच जबाबदारी होती. आपल्याकडे जयंत्या, मिरवणुका, महाप्रसाद किती होतात! हे पाळणारं मंडळ कुणी पाहिलंय का?

धंद्यांवर आधी का, तर तिथे एकाच प्रकारचा कचरा एकाच जागी ढिगाने निघतो. घरच्या डब्यात चहाचा चोथा, ब्लेड आणि दुधाची पिशवी सगळं असतं. कापड दुकानात मात्र पुठ्ठा आणि प्लास्टिकचा कागद, मंगल कार्यालयात उष्टं आणि पत्रावळी, शिलाईच्या कारखान्यात कतरण, म्हणजे कापून उरलेले कापडाचे तुकडे. हा कचरा निघतानाच वेगळा असतो. एकत्र आपण करतो. ते थांबवा, एवढंच म्हणणं आहे.

पेठेतला दुकानदार

मालक, तुमचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. माझं दुकान दहा बाय बाराचं. पुठ्ठा मी आजही फेकत नाही, भंगारवाला रोख पैसे देऊन नेतो. बाटल्या, रद्दी, लोखंड, सगळं विकलं जातं. मग सक्ती कशाची करणार? उरतात ती वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे पुडे, शाम्पूच्या पुड्या. त्या कुणी फुकटही नेत नाही. त्या मी तयार केलेल्या नाहीत. 2022 च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी त्या वेष्टनाची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. कंपनीचा माणूस माझ्याकडे माल घालायला येतो, रिकामी पाकिटं न्यायला एकदाही आलेला नाही.

प्लास्टिकबंदीही आठवा. 2018 ला राज्यात बंदी आली, पहिल्यांदा सापडलं तर 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तुरुंगवास. पिशव्या बनवणारे कुठे होते? दंडाच्या पावत्या फाटल्या त्या भाजीवाल्यांच्या आणि आमच्या. उद्या कचऱ्याची सक्ती आली तर पुन्हा तेच होणार. मोठं मंगल कार्यालय सुटेल आणि माझ्या दारातला डबा तपासला जाईल.

होटगी रोड

आधी गाड्यांचं बघा की. आमच्या गल्लीत येणाऱ्या गाडीला दोन कप्पे आहेत, आणि दोन्हीतला कचरा पुढच्या चौकात एकत्र होतो. मी रोज बघायलोय. कचरा वेगळा करायचा तरी कशाला, म्हणून लोक थांबले, ते यामुळे. गाडी सुधारत नाही तोवर सक्तीला माझा विरोध.

ओपीडीतून

मी डॉक्टर आहे, म्हणून एक उदाहरण देते. आमच्यावर ही सक्ती 1998 पासून आहे, 2016 ला ती आणखी कडक झाली. पिवळी पिशवी जाळायच्या कचऱ्याची. लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या, सिरिंज असं प्लास्टिक, जे निर्जंतुक करून पुनर्वापराला जातं. सुयांसाठी पांढरा डबा, काचेसाठी निळा. पिशव्यांवर बारकोड. चार खाटांच्या दवाखान्यालाही यातून सूट नाही. सुरुवातीला आमच्यातही पुष्कळ कुरकुर झाली, पण आज आयाबाईसुद्धा बोलता बोलता लाल-पिवळं बरोबर टाकते.

होटगी रोडकरांचा मुद्दा इथे लागू होतो. आमचा कचरा न्यायला वेगळी गाडी आहे आणि तिचे पैसे आम्ही भरतो. वेगळी गाडी, ठरलेला दर आणि नोंद असेल तर सक्ती चालते. आधी गाडी की आधी सक्ती, असा वाद घालत बसलो तर दोन्ही येणार नाहीत.

पेठेतला दुकानदार

डॉक्टर, तुमचा खर्च पेशंटच्या बिलात जातो. मी पाच रुपयांचा पुडा पाच रुपयांनाच विकतो, त्यावर छापील किंमत असते.

टॉवेल-चादर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून लिहितोय. पूर्वभागकरांनी कतरणाचा उल्लेख केला म्हणून सांगतो, सोलापूरची खरी गोष्ट तीच आहे आणि तीच अवघड आहे.

चादरीचं, टॉवेलचं सुती सूत असेल तर अडचण नाही. तुटका धागा, कडांच्या पट्ट्या मशिन पुसायला, गादीत भरायला जातात, त्याला गिऱ्हाईक आहे. पण आता शहरात युनिफॉर्म शिवणारे किती वाढलेत बघा. ते कापड पॉलिस्टर-व्हिस्कोस, पॉलिस्टर-कॉटन असं मिश्र. त्यातून धागे वेगळे करणं सोपं नसतं. पानिपतला जुनं कापड फाडून पुन्हा सूत काढणारे मोठे कारखाने आहेत, पण सोलापूरहून पानिपतला हलका, फुगीर माल पाठवायचा म्हणजे गाडी भरते आणि वजन होत नाही. भाडंच मालापेक्षा जास्त. गठ्ठे दाबायचं प्रेस मशिन लागतं, चार-पाच शिलाई मशिनवाल्याला ते परवडत नाही. मग कोण नाल्याकाठी टाकतं, कोण रात्री पेटवून देतं. पॉलिस्टर जळतानाचा तो वास आमच्या कामगारांच्या वस्त्यांत जातो.

माझा सक्तीला विरोध नाही. पण घेणारा नसताना सक्ती केली तर माणूस चोरून जाळणार, हे मी खात्रीने सांगतो.

वेचणाऱ्यांच्या बाजूने

एवढा वेळ सगळे दुकानाचं, गाडीचं, कारखान्याचं बोलायलेत. पहाटे पोतं घेऊन निघणाऱ्या बायकांचं नाव कुणी काढलं नाही. या शहरातला सुका कचरा आज त्याच वेगळा करतात, हातमोज्यांशिवाय. 2016 च्या नियमांत त्यांना सामावून घ्यायला सांगितलं होतं, तेही वाचा.

माझी भीती अशी की सक्ती आली की एक ठेका निघेल, दुकानांचा चांगला पुठ्ठा ठेकेदाराच्या गाडीत जाईल आणि बायकांना उकिरड्यावरची घाण उरेल. पुण्यात 2008 ला कचरावेचकांचीच सहकारी संस्था, स्वच्छ, उभी राहिली आणि दारोदारचं काम त्यांच्याकडे आलं. नागरिक त्यांना महिन्याला शुल्क देतात, वर सुक्या मालाचे पैसे त्यांचेच. सोलापुरात सक्ती करायची तर पेठेनुसार दुकानं या बायकांच्या गटांना नेमून द्या. ही अट मान्य असेल तर मी पूर्ण बाजूने, नसेल तर कडक विरोधात.

पूर्वभागकर

ताई, तुमची अट मला शंभर टक्के मान्य आहे. मूळ लेखातच यायला हवी होती इतकी ती महत्त्वाची आहे.

दुकानदार भाऊंच्या म्हणण्यातून मला एक गोष्ट दिसते. जे विकलं जातं त्याला सक्ती लागत नाही, भंगारवाला पुरेसा आहे. सक्ती लागते ती न विकल्या जाणाऱ्या मालाला. पाकिटं, मिश्र कतरण आणि उष्टं. यातलं उष्टं आजच सुटू शकतं. तुळजापूर रोडला ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि वीज करायचा प्रकल्प उभा राहिला. अशा टाकीत जिवाणू काम करतात, त्यांना स्वच्छ ओला कचरा लागतो. प्लास्टिक वर तरंगतं, चिंध्या फिरत्या दांड्याला गुंडाळतात आणि यंत्र बंद. इंदूरला 2022 च्या फेब्रुवारीत 550 टनांचा गॅस प्रकल्प सुरू झाला, तो तिथे ओला कचरा दारातच वेगळा होतो म्हणून चालतो. आपली मंगल कार्यालयं आणि मोठी हॉटेलं यांचं उष्टं थेट, न मिसळता प्रकल्पाला गेलं, तर एका लग्नसराईतच फरक दिसेल. तिथे दिवसाला 100 किलो कचऱ्याचा निकष लावा आणि दंडही करा. दहा बाय बाराच्या दुकानाला फक्त मिसळू नका, इतकंच बंधन ठेवा.

होटगी रोड

कार्यालयांपासून सुरुवात, हे पटलं. त्यांच्याकडे जागाही आहे आणि पैसाही. पण उष्टं न्यायला गाडी वेगळी आणि बंद झाकणाची पाहिजे. उन्हाळ्यात सोलापुरात दुपारपर्यंत त्या अन्नाचं काय होतं, सगळ्यांना माहीत आहे.

पेठेतला दुकानदार

मिसळू नका एवढंच असेल तर चालेल. पण पाकिटं साठवायची कुठे? पेठेत एक सामाईक गाळा द्या, तिथे आम्ही आठवड्याला पोतं आणून टाकतो. तिथून उचलायचं काम कंपन्यांचं. ती व्यवस्था होईपर्यंत दंडाची भाषा मला मान्य नाही.

टॉवेल-चादर

असाच गाळा एमआयडीसीत कतरणासाठी पाहिजे, आणि त्यात एक सामाईक प्रेस. गठ्ठे बांधले तर गाडीत वजन बसतं आणि पानिपतचं भाडं निघू शकतं. शिलाईवाल्यांनी किलोमागे काही वर्गणी द्यावी, बाकी कुणी द्यायचं हे ठरवावं लागेल. आमच्या रस्त्यावरच्या कारखानदारांना एकत्र बसवायला मी तयार आहे. युनिफॉर्मवाले कुणी हा धागा वाचत असतील तर लिहा, तुमच्याकडे आठवड्याला कतरण किती निघतं आणि आज ते जातं कुठे.