घरच्या बिअरला गॅस धरत नाहीये, काय चुकलं?

थंडीतला_पुणेकर: मंडळी, मिनेसोटात असतो, पहिल्यांदाच घरी बिअर केलीय, साधी पेल एल, ५ गॅलन म्हणजे १९ लिटर. ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, ती स्थिरावली म्हणजे आंबणं थांबलं) तीन दिवस १.०१२ वरून हलली नाही तेव्हाच बाटल्या भरल्या, त्याला आज १५ दिवस झाले. काल मित्र आले म्हणून सहा उघडल्या, तर एक फस्सकन निम्मी ओट्यावर, दोन बऱ्या आणि तीन म्हणजे निव्वळ शिळं सरबत. बाटलीत गॅस धरावा म्हणून भरण्याआधी साखर पाऊण कप घातलेली, बाटल्या बेसमेंटमध्ये, तिथे ५८ फॅरनहाइट असतं. बायको म्हणते ओतून दे.

हॉप्सवाला: ओतू नका हो! सगळ्याच सपक असत्या तर थंडीवर बिल फाडलं असतं, पण एक उसळते आणि तीन सपक म्हणजे साखर नीट मिसळली नाही. कशी घातली?

थंडीतला_पुणेकर: पाक करून, भरलेल्या बकेटमध्ये वरून. थोडं ढवळलं.

हॉप्सवाला: तिथेच गोची. पाक जड, तो जातो तळाला आणि तोटीही तळाला, म्हणजे पहिल्या बाटल्यांना पाक आणि शेवटच्यांना नुसती बिअर. पुढच्या वेळी दोन कप पाण्यात साखर उकळून आधी रिकाम्या बकेटमध्ये ओता, मग सायफनची नळी तळाला कडेने वळवून बिअर सोडा, ती आपोआप गोल फिरत मिसळते. वर एकदा चमचा फिरवा पण हळू, खळखळाट केलात की हवा मिसळते आणि महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येते. आणि कप बिप सोडा, वजनकाटा घ्या. एवढ्या बिअरला साधी साखर ११० ग्रॅमच्या आसपास, कॉर्न शुगर (मक्याची साखर) असेल तर १२५.

आंबवणारी_ताई: थंडीचंही आहेच की. ५८ ला इडलीचं पीठ तरी फुगतं का? बाटल्या ७० च्या आसपास ठेवा अजून दोन आठवडे. फक्त पिठासारख्या ओव्हनमध्ये लाइट लावून ठेवू नका, कोणीतरी न बघता ओव्हन चालू करतं, आमच्याकडे झालंय, पीठ होतं म्हणून निभावलं. आणि दरवेळी एक सोड्याची प्लास्टिकची बाटली पण भरत जा, ती दाबून दगडासारखी लागली की बाकीच्याही झाल्या समजायचं. मग दोन दिवस फ्रिजमध्ये आणि मगच उघडायची, गरम उघडली तर चांगली बाटलीसुद्धा उसळते.

गप्प_वाचक: बाटल्या पिळून उघडायच्या झाकणाच्या तर नाहीत ना? त्यांच्यावर कॅपरने (झाकण दाबून बसवायच्या यंत्राने) झाकण नीट बसत नाही, गॅस निसटतो.

थंडीतला_पुणेकर: आठदहा तसल्या आहेत 🙈 पण सपक तीन त्यातल्या नव्हत्या, शेवटच्या खोक्यातल्या होत्या. उसळली ती पहिल्या खोक्यातली.

हॉप्सवाला: मग झालंच की! पहिलं खोकं आजच फ्रिजमध्ये टाका, उचलताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे, त्यातली एखादी फुटू शकते. बाकीच्या वर घरात आणा, टॉवेल टाकून झाकणाच्या खोक्यात.

थंडीतला_पुणेकर: आणल्या. वॉटर हीटरशेजारी ६९ दाखवतंय. फ्रिजमधलं दही बाहेर आलंय, त्यावरून आता वेगळी चर्चा चालू आहे.