सुरतला जाऊ की इथेच राहू? देवाची इच्छा ओळखायची कशी?

नवापूरचा_भाऊ

सर्वांना जय ख्रिस्त. माझं वय २९, लॅब टेक्निशियन आहे. नवापूर तालुक्यात अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर काम करतो, पगार १४,०००. मार्चमध्ये ऑर्डर संपते, पुढची निघेल का ते कुणीच सांगत नाही. सुरतच्या एका लॅबमधून २४,००० ची नोकरी चालून आलीय. महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे.

घरी आई आणि मी. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिस झाला तेव्हापासून आईचा डावा हात उचलत नाही. बहीण विसरवाडीला दिलेली. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, संडे स्कूलची २२ पोरं माझ्याकडे आहेत.

तीन महिने पहाटे उठून प्रार्थना करतोय, दोन शुक्रवार उपास धरला. आतून काहीच येत नाही. आज वाटतं जावं, उद्या वाटतं राहावं. मुलाखतीला जाताना नवापूर स्टेशनवरच्या त्या बाकावर बसलो होतो, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये असलेल्या. लहानपणी त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून आम्ही पोरं खिदळायचो. त्या दिवशी तिथेच बसून म्हटलं, प्रभू, तूच मला एका बाजूला सरकव. गाडी आली, गेलो, मुलाखत देऊन परत आलो. मन अजून त्या बाकावरच आहे.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, यहूदाच्या जागी नवा प्रेषित निवडताना चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि मत्थियाची चिठ्ठी निघाली. मीही शास्त्रात दोन चिठ्ठ्या ठेवून एक उचलू का? मनापासून विचारतोय.

शहाद्याचा_सेवक

भाऊ, शास्त्रातल्या गिदोनाने देवाचं मन ओळखायला रात्री खळ्यात लोकर ठेवली, तशी एक खूण माग. तारीख ठरवून माग. मला तरी माझं उत्तर तसंच मिळालं. प्रार्थनेत आहेस.

चिंचपाड्याची_मावशी

बाळा, चिठ्ठ्या नको टाकू. मत्थियाची गोष्ट पेन्टेकॉस्टच्या, पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधीची. पवित्र आत्मा उतरल्यावर प्रेषितांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचं कुठे वाचायला मिळत नाही. आणि खूण मागण्याबद्दल माझ्यावर जे बेतलं ते सांगते. सेवकभाऊ, तुम्हाला दुखवायला नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला. देशात पहिल्यांदा तो आमच्याकडेच सापडला. आमचं छोटं शेड होतं, ४,००० कोंबड्या. आमच्या एकाही पक्ष्याला काही झालं नव्हतं, पण आजाराच्या घेऱ्यात आलो म्हणून सगळ्या मारल्या. पांढरे सूट घातलेली माणसं आली, खड्डा खणला, चुना टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने खाद्याची बादली घेऊन मी शेडपर्यंत गेले. दार उघडलं तर आवाजच नाही. फीडरमध्ये आदल्या दिवशीचा मक्याचा भरडा तसाच पडलेला. त्या शांततेत मी किती वेळ उभी होते, आठवत नाही.

पाच-सहा महिन्यांनी शेड पुन्हा भरायचं की नाही, हा प्रश्न आला. मी म्हटलं, देवा, सोमवारपर्यंत कुणी उधारीवर पिल्लं दिली तर ती तुझी खूण. शनिवारीच एक व्यापारी आला. मी आनंदाने रडले, घरात सांगितलं, देव बोलला. कर्ज काढलं. गिऱ्हाईक मात्र परतलं नव्हतं, अंड्याला भाव नव्हता. दीड वर्षात दोन एकर जमीन विकून देणी फेडली.

जमिनीचे कागद झाले त्या रात्री हे म्हणाले, "मला मुळात नकोच होतं. पण तू म्हणालीस देव बोलला. मग मी काय बोलणार?"

ते वाक्य अजून छातीत आहे. जमीन गेली त्याचं आता काही वाटत नाही. पण माझ्या माणसाला देवाचं नाव घेऊन मी गप्प केलं, हे टोचतं.

नंतर कृत्ये १६ पुन्हा पुन्हा वाचला. प्रेषित पौलाला आशियात (तेव्हाचा रोमी प्रांत, आताच्या तुर्कस्तानात) वचन सांगायचं होतं, आत्म्याने अडवलं. बिथुनियाला निघाला, तिथेही अडवलं. का, ते सांगितलेलं नाही. चालत चालत त्रोवसला आले, पुढे समुद्र. तिथे रात्री दृष्टांत झाला, मासेदोनियाचा माणूस बोलावतोय. दृष्टांत एकट्या पौलाला झाला, पण दहाव्या वचनात निर्णय कुणी घेतला बघ. तिथे "आम्ही" आहे. कृत्ये लिहिणाऱ्या लूकची गोष्ट तोवर "ते गेले, ते आले" अशी चालते, "आम्ही" तिथे पहिल्यांदा येतं. प्रेषितालासुद्धा आपला दृष्टांत सोबत्यांपुढे ठेवावा लागला.

आणखी एक. मासेदोनियातल्या फिलिप्पैत नदीकाठी पौलाला भेटली लुदिया, थुवतीराची बाई. थुवतीरा कुठलं? ज्या आशियात जायला बंदी होती तिथलंच. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी शास्त्र मांडीवर तसंच ठेवून बसून राहिले. आणि त्याच फिलिप्पैत पौलाला आणि त्याच्या सोबती सीलाला फटके बसले, तुरुंग झाला. तेव्हा उद्या सुरतला त्रास झाला किंवा इथे ऑर्डर निघाली नाही, तर लगेच वाट चुकली असं धरू नकोस.

तुझ्या लिहिण्यात सगळीकडे "मी" आहे, बाळा. मी उठतो, मी उपास धरतो, मी चिठ्ठी उचलू का. तुझे "आम्ही" कोण आहेत?

जळगावची_ताई

मावशींनी लिहिलं ते मी दोनदा वाचलं. माझी भर छोटीच. सुरतवाल्यांना साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी ते विचारलं का? रविवार मिळणार नसेल तर उपासना आणि तुझी २२ पोरं, दोन्ही सुटतील. आधी सहा महिने ट्रायलवर घेणार का, खोली कितीला पडेल, तेही विचार. पुण्याला जाताना मी नुसती प्रार्थना केली आणि यातलं काही विचारलं नाही. वर्षभर रविवारची ड्युटी केली, एकही प्रभुभोजन मिळालं नाही.

नवापूरचा_भाऊ

ताई, आज फोन केला. सुट्टी फिरती आहे, महिन्यात एखादा रविवार येईल म्हणाले. बहीण आणि दाजी रविवारी येतायत. उपासनेनंतर पाळकसाहेब आणि मंडळीतले दोन वडील घरी बसणार आहेत.

मावशी, तुमचं उत्तर काल रात्री आईला वाचून दाखवलं. "माझ्या माणसाला गप्प केलं" इथे आली तशी ती माझ्याकडे बघायला लागली. तीन महिने मी तिच्यासाठी प्रार्थना करतोय, तिच्या उशाशी बसून करतोय, आणि तुला काय वाटतं हे तिला एकदाही विचारलेलं नव्हतं. काल विचारलं. ती म्हणाली, "रविवारी सगळ्यांसमोर सांगते."