मुद्द्यांवर नगरपालिका लढवताना : तुमचे अनुभव

परिसर, पर्यावरण आणि तरुणांचे प्रश्न घेऊन नगरपरिषदेची किंवा महानगरपालिकेची निवडणूक लढवलेल्यांनी, तसेच त्यांच्यासाठी राबलेल्यांनी, आपले अनुभव येथे लिहावेत अशी विनंती आहे. 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या कामाचे जे 18 विषय दिले, त्यांत नागरी वनीकरण व पर्यावरणरक्षण आहे, उद्याने आणि क्रीडांगणेही आहेत, तरीही प्रचारात हे विषय काढले की "हे नगरसेवकाचं काम आहे का?" असा प्रश्न हमखास येतो. निकालापेक्षा मुद्दा दारापर्यंत कसा नेला आणि तिथे त्याचे काय झाले, हे वाचायला मला आवडेल. सुरुवात माझ्यापासून करते.

मी 2016 साली आमच्या नगरपरिषदेत अपक्ष म्हणून उभी होते. मुद्दा होता प्रभागातल्या क्रीडांगणाच्या आरक्षणाचा. विकास आराखड्यात त्या जागेवर हिरवा रंग आणि आरक्षण क्रमांक होता. प्रत्यक्षात तिथे तारेचे कुंपण आणि कमरेएवढे गवत होते, आणि मुले शाळा सुटल्यावर रस्त्यातच विटांचे स्टंप रचून खेळत होती. माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर समजले की आराखडा मंजूर होऊन 10 वर्षे उलटली तरी पालिकेने जागा ताब्यात घेतलेली नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 नुसार अशा वेळी जमीनमालक पालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेने संपादनासाठी पाऊल उचलले नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. कोणीही अतिक्रमण न करता, केवळ कोणी काही न केल्याने मैदान हातचे जाऊ शकते, हे कळल्यावर मला झोप लागली नाही.

पण हे दारात उभे राहून सांगायचे कसे? पहिले चार दिवस मी "आरक्षण वाचवायचं आहे" असे म्हणत होते आणि लोक विचारत होते, "महिलांचं की ओबीसींचं?" मग मी नकाशाचा तेवढा तुकडा मोठा करून त्याच्या छायाप्रती काढल्या आणि बोलणे कमी केले. नकाशा हातात आला की माणूस आधी आपले घर शोधतो. घर सापडले की बोट आपसूक शेजारच्या हिरव्या चौकोनावर सरकते, आणि मग प्रश्न त्याच्याकडून येतो. प्रचारात मला गवसलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

आमचे मतदान 27 नोव्हेंबरला होते आणि 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. लोक घरी कमी आणि बँकेच्या रांगेत जास्त भेटत, म्हणून मीही नकाशे घेऊन रांगेच्या कडेने चालत राहिले. त्या वर्षी द्विसदस्यीय प्रभाग आणि थेट नगराध्यक्ष अशी पद्धत असल्याने प्रत्येकाला तीन मते द्यायची होती. आमच्या भागातल्या कित्येक वयस्क बायकांना हे ठाऊकच नव्हते, आणि शेवटचे दोन दिवस माझा बराच वेळ केवळ ते समजावण्यात गेला. मी तिसऱ्या क्रमांकावर राहिले. निकालानंतर आठवड्याभरात निवडून आलेल्या ताई घरी आल्या आणि तो नकाशा व माहिती अधिकाराची कागदपत्रे मागून घेऊन गेल्या. संपादनाचा ठराव त्यांनी मांडला, तेव्हा प्रेक्षकांत मी बसले होते.

*

मी महानगरपालिकेला 22व्या वर्षी उभा राहिलो. वयाची अट 21 पूर्ण एवढीच आहे, हे माझ्या घरच्यांनाही मला कागद दाखवून पटवावे लागले. अभ्यासिका, व्यायामशाळा आणि रात्री उशिरापर्यंतची बससेवा या माझ्या मागण्या होत्या, आणि सभेला मुले भरपूर येत. घात झाला तो मतदार यादीत. पालिका निवडणुकीला विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून वापरतात. ठरलेल्या तारखेपर्यंत तिच्यात ज्यांचे नाव नाही त्यांना मत नाही, आणि फोडताना एखादी गल्ली शेजारच्या प्रभागात गेली तर प्रारूप, म्हणजे कच्च्या, यादीवर हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात. मी ज्यांच्यासाठी बोलत होतो त्यांतल्या बहुतेकांची नावे एकतर गावाकडे होती किंवा कुठेच नव्हती. पुन्हा उभे राहायचे ठरवणाऱ्या तरुणांना माझे कळकळीचे सांगणे आहे : जाहीरनाम्याच्या आधी एक वर्ष नावनोंदणीला द्या, आणि प्रारूप यादी आली की ती घरोघर हातात घेऊन फिरा.

*

मी कचऱ्याच्या प्रश्नावर निवडून आले, म्हणून जिंकल्यानंतरचे लिहिते. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 प्रमाणे ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा द्यायचा असे. आमच्या महिला बचत गटाने दोनशे घरांत ती सवय निवडणुकीच्या आधीच लावली होती, आणि मला मते मिळाली ती त्याच घरांच्या भरवशावर. निवडून आल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात एक काकू सकाळी सहाला मला बोलावून घेऊन गेल्या. घंटागाडीत मधला पत्रा होता, दोन कप्पे होते, बायका नेमून दिल्याप्रमाणे दोन बादल्या रिकाम्या करत होत्या. आणि नाक्यावर मोठी गाडी आली की दोन्ही कप्पे एकाच ढिगात ओतले जात होते. "आम्ही कशाला वेगळा करायचा गं?" असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

ते उत्तर मिळवायला मला दीड वर्ष लागले, कारण ठेक्याच्या करारात ठेकेदाराचे बिल वजनावर होते आणि वर्गीकरणाचा उल्लेख होता तरी त्यासाठी दंडाची अट नव्हती. सर्वसाधारण सभेत भाषण करून करार बदलत नाही. तो मुदत संपताना, नव्या निविदेच्या अटी लिहिल्या जात असताना बदलतो, आणि त्या वेळी आपण त्या टेबलापाशी असावे लागते. जिंकू इच्छिणाऱ्यांनी आपल्या पालिकेचा चालू करार आत्ताच मागवून वाचावा.

*

मी उमेदवार नव्हतो. मित्राच्या खर्चाचा हिशेब माझ्याकडे होता. रोजचा खर्च रोज लिहा, चहाची पावतीसुद्धा ठेवा. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दिला नाही तर अपात्रतेची कारवाई होऊ शकते, आणि हरलेल्या उमेदवाराला ते तीस दिवस कसे सरले हे कळत नाही.

*

आमच्या प्रभागात रस्तारुंदीसाठी वडाची अकरा झाडे जाणार होती. 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे तोडीची जाहीर नोटीस झाडावरही लावावी लागते. ती लावली होती, पण पावसाने भिजून तिची अक्षरे पसरली होती. मी प्रचारात भाषणे न करता ती नोटीस मोठ्या अक्षरांत हाताने लिहून प्रत्येक बुंध्याशी ठेवली आणि हरकतीचे कोरे अर्ज सोबत ठेवले. निवडणूक मी मोठ्या फरकाने हरलो. सुनावणीच्या दिवशी मात्र झाडतोडीचा निर्णय घेणाऱ्या वृक्ष प्राधिकरणापुढे साठहून अधिक लेखी हरकती होत्या, आणि त्यांतल्या पहिल्या दहांत माझ्याविरुद्ध जिंकलेल्या नगरसेवकांच्या आईची सही होती. सात झाडे रस्त्याची आखणी थोडी सरकवून राहिली आहेत. उरलेल्या चारांचा निर्णय अजून व्हायचा आहे.