ईबेवर शेवटच्या सेकंदाला बोली लावणारी टूल्स: वापरावीत का, आणि खरंच फरक पडतो का?

थेम्सकाठचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी युकेमध्ये रेडिंगला असतो, जुनी नाणी जमवतो, त्यातही मराठी संस्थानांची, म्हणजे धार, देवासच्या दोन्ही पात्या (म्हणजे थोरली आणि धाकटी अशा दोन शाखा), इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर. इथल्या ईबेवर, म्हणजे ऑनलाइन लिलावाच्या साइटवर, अशी नाणी अधूनमधून येतात, कुणाचे तरी पणजोबा हिंदुस्थानात नोकरीला होते त्यांचा डबा घरात पडून असतो आणि नातवंडं विकायला काढतात, बऱ्याचदा त्यांना संस्थानसुद्धा माहीत नसतं, नुसतं 'व्हिक्टोरिया, इंडिया, तांबं' एवढंच लिहितात. तर देवास धाकट्या पातीचा १८८८ चा पाव आणा आला होता, चांगल्या अवस्थेतला. मी कमाल बोली वीस पौंड टाकून ठेवली, पाच दिवस मीच पुढे, भाव चौदावर थांबलेला. रविवारी रात्री शेवटचे चार-पाच सेकंद राहिले आणि कुणीतरी घुसला, एकवीसला नाणं त्याच्याकडे. वेळ मिळाला असता तर मी तीसपर्यंत गेलो असतो! असं वारंवार होतंय. इथले एक जुने संग्राहक म्हणाले की हे हातानं होत नाही, स्नायपिंगची टूल्स असतात ती बोली लावतात. हे नियमात बसतं का, पासवर्ड वगैरे देणं सेफ आहे का, आणि मुळात बरोबर आहे का? शेवटचा प्रश्न मला खरंच पडलाय.

नाणेघाट

दादा, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. तीसपर्यंत गेलो असतो म्हणता मग वीस का टाकले? ईबेवर तुम्ही जो आकडा टाकता तो लगेच लागत नाही, ती तुमची कमाल मर्यादा, सिस्टिम तुमच्या वतीनं समोरच्यापेक्षा एक पायरी वर एवढंच जाते. युकेच्या साइटवर पंधरा ते साठ पौंडांमध्ये ती पायरी एक पौंडाची आहे, म्हणून वीसच्या पुढे एकवीस. त्या माणसाची मर्यादा किती होती तुम्हाला कळलेलंच नाही, बावीस असेल नाहीतर ऐंशी असेल. ऐंशी असेल तर तुम्ही तीस टाकले असते तरी नाणं त्याचंच, फक्त त्याला एकतीस मोजावे लागले असते.

आता स्नायपिंगचा फायदा नेमका कुठे होतो ते सांगतो, कारण लोक त्याला उगाच जादू समजतात. समजा तुमच्या मनात पंचेचाळीस आहेत आणि दुसऱ्याची मर्यादा तीस. तुम्ही मंगळवारीच पंचेचाळीस टाकले की भाव एकतीसला जातो आणि त्याला मेल जातो की तुम्ही मागे पडलात. मग तो माणूस पाच दिवस विचार करत बसतो, पस्तीस टाकतो, चाळीस टाकतो, ईर्ष्येला पेटला की सेहेचाळीस पण टाकतो. तेच पंचेचाळीस तुम्ही शेवटच्या पाच सेकंदांत टाकले तर त्याला विचार करायला वेळच नाही, एकतीसला नाणं तुमचं. म्हणजे टूल तुम्हाला ताकद देत नाही, तुमचा आकडा झाकून ठेवतं एवढंच. आकडा कमी असेल तर कुठलंही टूल हरणारच.

अजून एक, गोल आकडे टाकू नका. पंचेचाळीस बरेच जण टाकतात, आणि दोघांची कमाल सारखी असली तर आधी टाकणारा जिंकतो, त्यात स्नायपर कायम उशिराचा. पंचेचाळीस पौंड सदतीस पेन्स असं काहीतरी टाका.

एडिसनची_माई

मी न्यू जर्सीत असते, जुनी फाउंटन पेनं आणि घड्याळं घेते, बरीच वर्षं स्नायपर वापरतेय. नियमांचं म्हणाल तर शेवटच्या क्षणाला बोली लावणं ईबेच्या लेखी चालतं, त्यात लपूनछपून काही नाही. पण टूलनं लावणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती देशानुसार बदलते, जर्मन ईबेच्या अटींमध्ये स्नायपर प्रोग्रॅमचं नाव घेऊन मनाई लिहिलेली होती. तेव्हा तुमच्या साइटच्या आत्ताच्या अटी एकदा शांतपणे वाचा, अटी बदलत राहतात.

टूल्स दोन प्रकारची. एक तुमच्या कॉम्प्युटरवर चालतात, जुनं जेबिडवॉचर तसलं, त्यात मशीन चालू आणि नेट चालू पाहिजे, लॅपटॉप झोपला की बोली गेली. दुसरी वेबवर, गिक्सन सगळ्यात प्रसिद्ध, त्यांच्या सर्व्हरवरून बोली जाते म्हणून तुम्ही झोपलात तरी चालतं. पण वेबवाल्याला ईबेचा लॉगिन द्यावा लागतो, आणि इथे मी तुम्हाला कळकळीनं सांगते की ईबेचा पासवर्ड बाकी कुठेही वापरलेला नसावा, मेलचा तर अजिबात नाही, आणि ज्या साइटचं नाव कालपरवा पहिल्यांदा ऐकलं तिला तर देऊच नका. टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरा कोड मागणारी सोय) चालू असेल तर अशा साइटचं लॉगिन अडकू शकतं, आणि फक्त त्यासाठी टू-स्टेप बंद करणं मला पटत नाही. त्यापेक्षा फोनवर अलार्म लावून हातानं दहा सेकंद आधी बोली लावा. एका वेळी एकच लॉट, म्हणजे लिलावातली एकच वस्तू, असेल तर हातानंसुद्धा छान जमतं, बोलीचं पान आधी उघडून आकडा भरून ठेवायचा आणि फक्त कन्फर्म दाबायचं.

कृष्णाकाठ_सांगली

मला हे पटत नाही, स्पष्ट सांगतो. आमच्याकडं हळदीचा सौदा असतो, गुळाचा असतो, सगळे समोरासमोर उभे. एकवार, दोनवार म्हटल्यावर कुणी भाव वाढवला तर पुन्हा पहिल्यापासून, तीनवार म्हणेपर्यंत प्रत्येकाला संधी. विकणाऱ्याला पण चार पैसे जास्त मिळतात. इथं घड्याळाच्या काट्याला टपून बसायचं आणि दुसऱ्याचं तोंड बंद असताना माल उचलायचा, यात विकणाऱ्या म्हातारीचं नुकसान नाही का? तिला तीस-चाळीस मिळाले असते ते एकवीस मिळाले.

आकडेमोड्या

कृष्णाकाठ, तुम्ही अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय, फक्त दोष खरेदीदाराचा नाही, नियमाचा आहे. यावर एक गाजलेला अभ्यास आहे, ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांचा, २००२ चा. रॉथना पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, बाजारांची रचना हाच त्यांचा प्रांत. त्या काळी ॲमेझॉनसुद्धा लिलाव चालवायचं. ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला संपतो म्हणजे संपतो, आणि ॲमेझॉनचा नियम होता की शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर लिलाव आपोआप पुढे सरकणार, म्हणजे तुमचं एकवार-दोनवारच. जुन्या वस्तूंच्या विभागात ईबेवर ५९ टक्के लिलावांत शेवटची बोली शेवटच्या पाच मिनिटांत आलेली होती, ॲमेझॉनवर साधारण ३ टक्के. वस्तू तशाच, नियम बदलला की वागणं बदललं.

आपल्याकडे बँका थकीत कर्जाच्या फ्लॅटचे ई-लिलाव करतात त्याच्या नोटिशीत बघा, 'पाच मिनिटांची अमर्याद मुदतवाढ' असं छापलेलं असतं. तिथे स्नायपिंग करून काही हाती लागत नाही. न्यूझीलंडच्या ट्रेड मी या लिलावाच्या साइटवर पण शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की वेळ वाढते.

आणि विकणाऱ्याच्या बाजूनं बोललात म्हणून दुसरी बाजू पण सांगतो. लवकर बोली लावणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका खोट्या बोलीचा असतो. विकणारा स्वतःच दुसऱ्या खात्यावरून किंवा मेव्हण्याकरवी एकेक पायरी चढवत तुमची मर्यादा चाचपतो. ईबेवर त्याला मनाई आहे पण पकडणं अवघड. पाच सेकंद आधी येणाऱ्याची मर्यादा कुणालाच चाचपता येत नाही. मला तरी यात अनीती दिसत नाही, बंद पाकिटातलं टेंडर भरतो तसंच आहे हे.

नाणेघाट

थेम्सकाठचे दादा, नाण्यांपुरतं एक महत्त्वाचं राहिलं, आणि हे टूलपेक्षा कितीतरी मोठं आहे. लॉट कुठून पाठवला जाणार ते आधी बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू, त्यात नाणी स्पष्टपणे आली, कुणा खाजगी माणसाला भारताबाहेर पाठवता येत नाही. तुमचा १८८८ चा पाव आणा त्यात बसतो. इंग्लंडमधल्या डब्यातून निघालेलं नाणं ही गोष्ट वेगळी, पण 'शिप्ड फ्रॉम इंडिया' लिहिलेली शिवराई (शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं) कितीही स्वस्त दिसली तरी हात लावू नका. एकतर ती बेकायदा बाहेर येतेय नाहीतर खोटी आहे. शिवराईत नकला फार आहेत, फोटोत 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति' सुबक दिसलं की लोक भुलतात, वजन आणि कडा मागून घ्या. हे सगळं लिलाव संपायच्या आधी विचारायचं, शेवटच्या पाच सेकंदांच्या नादात माणूस हे विसरतो आणि ते मला फार लागतं, कारण खोटं नाणं चढ्या भावानं जिंकणं ही हारच आहे.

थेम्सकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. लॉट कुठून येतो ते मी बघतोच, आजवर फक्त इथल्याच विक्रेत्यांकडून घेतलंय. कमाल आकड्याचं मात्र डोक्यात बसलं. आता दोन शंका. एक, आधी अजिबातच बोली लावायची नाही का? दुसरी, या रविवारी धारची १८८७ ची दोन सारखीच नाणी दोन वेगळ्या विक्रेत्यांकडे आहेत, वीस मिनिटांच्या अंतरानं संपतायत, मला एकच हवंय.

एडिसनची_माई

पहिल्याचं उत्तर, लॉटवर 'बाय इट नाऊ'चा, म्हणजे बोली न लावता लगेच विकत घ्यायचा, भाव पण लावलेला असेल आणि तो परवडणारा नसेल तर अगदी किमान बोली एक टाकून ठेवा, पहिली बोली पडली की सहसा ते बटण निघून जातं आणि मध्येच कुणी उचलून नेत नाही. एरवी वॉचलिस्टमध्ये टाकायचं आणि गप्प बसायचं.

दुसऱ्यासाठी वेबवाल्या टूल्समध्ये ग्रुप करायची सोय असते, दोन्ही लॉट एका गटात टाकायचे, पहिलं जिंकलात की दुसऱ्याची बोली आपोआप रद्द. टूल नसेल तर वीस मिनिटं हातानं करायला भरपूर आहेत. फक्त जे जास्त चांगल्या अवस्थेतलं आहे ते नंतर संपत असेल तर पहिल्याला आकडा जरा हात राखून टाका. आणि दोन्हीकडे पोस्टेज किती ते बघून आकडा ठरवा, काही विक्रेते साध्या पोस्टानं नाणं पाठवतात, पण तुम्हाला ट्रॅकिंगवालं हवं असेल तर आधी विचारून घ्या.