सरकार बदललं की जर्नलवाल्यांची भूमिका पण बदलते का?

पोस्टडॉक_बॉस्टन: एनआयएच म्हणजे अमेरिकन सरकारची आरोग्य-संशोधन संस्था, तिच्या ग्रँटवर काम करतेय. पेपर ॲक्सेप्ट झाला आणि लगेच जर्नलचं मेल, एनआयएचचा नियम (पेपर छापल्या दिवशीच सगळ्यांना फुकट वाचायला मिळायला हवा) पाळायचा तर ओपन ॲक्सेसची, म्हणजे पेपर सगळ्यांसाठी खुला ठेवायची, फी भरा, रक्कम बघून पोटात गोळाच आला. लॅबमध्ये सगळे म्हणत होते ट्रम्प आले, आता पब्लिशर लोक लॉबिंग करून हा नियम गुंडाळायला लावतील. मग नियम अजून लागू कसा?

कपाट_नं_७: आधी फी भरू नकोस गं. ॲक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट (जर्नलने स्वीकारलेला शेवटचा मसुदा) पबमेड सेंट्रलला, म्हणजे त्यांच्याच मोफत ऑनलाइन संग्रहात, टाकायला एनआयएच एक पैसा घेत नाही. जर्नलचा करार घेऊन तुमच्या लायब्ररीत जा, सही त्यानंतर.

आता लॉबिंगचं. डिसेंबर २०१९ मध्ये, ट्रम्पच्याच पहिल्या टर्ममध्ये, पेपर छापल्या दिवशीच फुकट करायचा आदेश येतोय अशी कुणकुण लागली तर पब्लिशर्सची संघटना आणि शंभरावर संस्थांनी थेट अध्यक्षांनाच पत्र धाडलं, की अमेरिकेची बौद्धिक संपत्ती जगाला फुकट वाटायला लावताय. आदेश आला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये बायडेनच्या विज्ञान कार्यालयाने तेच केलं, पेपर १२ महिने पैसे भरणाऱ्यांपुरताच ठेवायची सवलत बंद, मुदत २०२५ अखेर. तेव्हा पब्लिशर्सची तक्रार होती की आम्हाला विचारलंच नाही. आणि ट्रम्प परत आल्यावर एनआयएचने तारीख ३१ डिसेंबरवरून १ जुलै २०२५ वर अलीकडे आणली, वर पब्लिशर घेतात त्या छापायच्या फीवर मर्यादा घालणार हेही जाहीर केलं! म्हणजे पक्ष कुठलाही असो, टॅक्सच्या पैशातलं संशोधन लोकांना मिळावं हे दोघांनाही पटतं, लॉबिंगने फक्त उशीर झाला.

जुनाच_रेफरी: थोडं थांबा. सगळे पब्लिशर बडे नसतात हो. छोट्या सायंटिफिक सोसायट्यांच्या परिषदा, विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपा जर्नलच्या वर्गणीवरच चालतात, त्यांनी सरकारकडे जाऊन आपलं म्हणणं मांडलं तर त्यात चूक काय?

कपाट_नं_७: मांडावं ना सर, पण मग त्यांनी आपला खर्च उघड करून वेगळं बोलावं, बड्या कंपन्यांच्या पत्राखाली सही करून त्यांचं म्हणणं ऐकू कसं येणार?

कोल्हापूरकर_पीएचडी: आमच्याकडे भारतात वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, म्हणजे सरकारी संस्थांसाठी जर्नल्सची वर्गणी केंद्र सरकारच भरतं, ३ वर्षांना ६,००० कोटी, ३० पब्लिशर, १३,००० च्या आसपास जर्नल्स. वाचायला मिळतंय ते खरंच मोठं आहे, पण छापायच्या फीचा प्रश्न आमच्या डोक्यावर तसाच आहे.

पोस्टडॉक_बॉस्टन: दादा, उद्या सकाळीच लायब्ररीत जाते. सही अजून केली नाहीये.